डोक्यावरची राख : उपवासकाळाच्या पहिल्या दिवसांतलं रोम

राखेचा बुधवार

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि त्या दिवशी चर्चमध्ये भाविकांना राख देतात. रोममध्ये ती कपाळाला लावत नाहीत, टाळूवर टाकतात. आम्ही उतरलो होतो तिथून जवळच्याच एका साध्या पॅरिश चर्चमध्ये सकाळची इटालियन मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होती. रांगेतून पुढे गेले, मान खाली घातली. फादरांनी चिमूटभर राख केसांत सोडली, 'पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा' एवढंच म्हटलं आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. कपाळावर क्रूस नाही, बोटाचा स्पर्शही नाही. बाकावर येऊन बसले तरी काही घडल्यासारखं वाटेना. शेजारी मावशी होती. तिच्या पांढऱ्या केसांच्या भांगात करडी राख पसरली होती, थोडी कानामागे उतरली होती आणि एक कण चष्म्याच्या काडीवर अडकला होता.

"माझ्या डोक्यावर आहे का गं?" मी हळूच विचारलं.

"चांगली आहे की. पण तुला कशी दिसणार?"

त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सातलं येशूच्या चरित्राचं वाचन, मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं असतं. दानधर्म करताना कर्णा वाजवू नका, प्रार्थना करायची तर दार लावून घ्या, उपास करत असाल तर तोंड उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा आणि तोंड धुवा. हे ऐकल्याबरोबर कपाळावर ठसठशीत काळा क्रूस घेऊन रस्त्यावर उतरायचं, यातली ओढाताण मला नेहमी जाणवत आली आहे. कपाळावरचा क्रूस ही साक्ष आहे, तिचं मोल मी कमी मानत नाही. पण टाळूवरची राख मला त्या वाचनाच्या जास्त जवळची वाटली. जिच्यावर ती पडली तिला ती दिसत नाही. मागच्या बाकावरच्याला दिसते आणि देवाला दिसते.

उपवासकाळ रोममध्ये सुरू करावा ही मावशीची फार जुनी इच्छा. इथे स्थानक-चर्चची प्रथा आहे. उपवासकाळाच्या प्रत्येक दिवसाला शहरातलं एक ठरलेलं चर्च असतं, आणि त्या दिवशी लोक तिथे जमतात. प्राचीन काळी रोमचे बिशप, म्हणजे पोप, लोकांबरोबर संतांची नावं घेत तिथवर चालत जायचे. पोप ग्रेगरी पहिले (५९० ते ६०४) यांनी या प्रथेला घडी बसवून दिली आणि ती यादी बरीचशी आजही तशीच पाळली जाते. बुधवारचं चर्च ठरलेलं आहे : आव्हेंटाइन टेकडीवरचं सांता सबिना. पोपही राखेच्या बुधवारची मिस्सा परंपरेने तिथेच करतात, आणि त्यांच्याही डोक्यावर राख दुसरं कुणीतरी टाकतं. स्वतःच्या डोक्यावर स्वतः टाकत नाहीत.

सांता सबिना पाचव्या शतकातलं, ४२२ ते ४३२ च्या दरम्यान बांधलेलं. आत चोवीस खांब आणि भरपूर मोकळी जागा, पण मला पाहायचं होतं ते त्याचं दार. सायप्रसच्या लाकडाचं, साधारण ४३० सालचं. मुळात त्यावर अठ्ठावीस चौकटी होत्या, त्यांतल्या अठरा उरल्या आहेत. डावीकडे अगदी वर, मान मागे टाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी एक लहानशी चौकट आहे. तीन माणसं हात पसरून उभी. मधला मोठा, बाजूचे दोघे लहान. क्रूस जवळजवळ दिसतच नाहीत, हातांच्या मागे लाकडाचा जरासा भाग तेवढा आहे. येशूला क्रूसावर दाखवणारं इतकं जुनं कोरीव काम जगात फार थोडं शिल्लक आहे.

बाजूचे ते दोघे म्हणजे येशूबरोबर क्रूसावर दिलेले चोर. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने त्यांच्यातल्या एकाचं बोलणं नोंदवलंय. आपल्याला आपल्या करणीचं फळ मिळतंय, याने मात्र काही अयोग्य केलेलं नाही, असं तो दुसऱ्याला सांगतो आणि मग येशूकडे वळून एवढंच मागतो की माझी आठवण ठेव. सबब सांगत नाही, स्वतःला शिव्याही देत नाही. आत्मपरीक्षणाचं यापेक्षा आटोपशीर उदाहरण मला माहीत नाही.

सुरुवातीच्या शतकांत ही राख सगळ्यांसाठी नव्हती. ज्यांच्या हातून उघड आणि गंभीर पाप घडलं, त्यांनाच उपवासकाळाच्या आरंभी तरट नेसवून, राख टाकून चर्चबाहेर काढलं जायचं, आणि पुण्य गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, बिशप त्यांना हाताला धरून परत आत घ्यायचे. पुढे ही प्रथा मागे पडली. १०९१ मध्ये बेनेवेंतो इथल्या धर्मसभेने सगळ्याच भाविकांना राख द्यावी असं सांगितलं. म्हणजे ज्यांना बाहेर काढलं जायचं त्यांच्या रांगेत पुढे आत बसलेले सगळे येऊन उभे राहिले. 'तुझ्या हातून काय घडलं?' असं कुणीच कुणाला विचारत नाही. उपवासकाळाच्या साऱ्या इतिहासात मला हे वळण सर्वांत मोठं वाटतं.

गुरुवार

पहाटे थंडी होती. पॅलेटाइन टेकडी आणि टायबर नदी यांच्यामधल्या सखल भागात सान जॉर्जो इन वेलाब्रो आहे. स्थानकांच्या यादीत गुरुवार आले ते उशिरा, आठव्या शतकात, पोप ग्रेगरी दुसऱ्यांच्या काळात. त्याआधी उपवासकाळातल्या गुरुवारी मिस्साच नसायची.

चर्च लहान आहे, बाहेरून कुणाचं लक्षही जाणार नाही. जुलै १९९३ मध्ये मध्यरात्री समोर गाडीत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि पुढचा मंडप जवळजवळ पूर्ण कोसळला. तुकडे गोळा करून, ओळखून, जिथले तिथे बसवून तो पुन्हा उभा केला. जॉन हेन्री न्यूमन १८७९ मध्ये कार्डिनल झाले तेव्हा नावापुरतं त्यांना मिळालेलं चर्च हेच. सद्सद्विवेकाविषयी ज्या थोड्या लोकांनी खोलवर जाऊन लिहिलं त्यांतले ते एक, त्यामुळे त्यांची आठवण काढून मी तिथे जरा जास्त वेळ बसले.

त्या दिवसाचं वाचन लूकच्या नवव्या अध्यायातलं : ज्याला माझ्यामागे यायचंय त्याने रोज आपला क्रूस उचलून घ्यावा. 'रोज' हा शब्द फक्त लूकने घातलाय. तोच धरून आम्ही दुपारनंतर जेझू चर्चला लागून असलेल्या संत इग्नेशियस लोयोला यांच्या खोल्या बघायला गेलो. १५४४ पासून ३१ जुलै १५५६ ला मृत्यू येईपर्यंत ते इथेच राहिले. लहान खोल्या, डोक्यावर लाकडी तुळया. त्यांनी स्थापलेल्या, जगभर पसरलेल्या येशूसंघाचा (जेझुइटांचा) कारभार या एवढ्याशा जागेतून चालायचा.

इग्नेशियस यांनी आत्मपरीक्षणाची एक रीत घालून दिली आहे. आधी देवाचे उपकार आठवून आभार मानायचे. मग प्रकाश मागायचा, म्हणजे आपल्याला आपलं खरं दिसावं अशी विनवणी करायची. त्यानंतर दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा. मग क्षमा मागायची. शेवटी उद्यासाठी निश्चय करायचा आणि त्यासाठी कृपा मागायची. हे दिवसातून दोनदा. चूक शोधणं तिसऱ्या पायरीवर येतं, याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपण सरळ तिथूनच सुरुवात करतो आणि मग एक तर स्वतःची वकिली करत बसतो, नाही तर स्वतःला झोडपत बसतो. आभार आणि प्रकाश या दोन पायऱ्या गाळल्या की आत्मपरीक्षण ही प्रार्थना उरत नाही, आपलीच आपल्याशी झालेली बडबड होते.

खोल्यांच्या आधी एक अरुंद बोळ लागतो. येशूसंघातलेच चित्रकार ब्रदर आंद्रेया पोत्सो यांनी १६८० च्या दशकात तो रंगवला. जमिनीवर एक ठराविक जागा आहे. तिथे उभं राहिलं की भिंतींवरचे खांब, कमानी, तुळया आणि देवदूत सगळं सरळ, रेखीव आणि खोल दिसतं. तिथून पुढे सरकत गेलं की तेच खांब वाकायला लागतात. टोकाला जाऊन भिंतीजवळ उभं राहिलं तर देवदूताचं अंग विचित्र ताणलेलं असतं आणि सरळ वाटलेली तुळई तिरपी निघते.

मावशी तीनतीनदा पुढे-मागे करून बघत होती. "अगं, मी माझ्या जागेवरून बघते तेव्हा माझं सगळंच सरळ दिसतं," ती म्हणाली. "सूनबाईच्या जागेवरून कसं दिसत असेल कोण जाणे."

मी काही बोलले नाही. माझ्याही मनात एकदोन माणसं येऊन गेली होती, त्यांच्या जागेवरून मी कशी दिसत असेन या विचाराने.

शुक्रवार

उपवासकाळातल्या शुक्रवारी मांसाहार वर्ज्य. राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) उपास, म्हणजे एकच पूर्ण जेवण, तेही अठरा ते एकोणसाठ वयाच्या लोकांना. आजचा कॅथॉलिक नियम एवढाच आहे. पूर्वीचे कडक नियम पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये बदलले. मावशीला वयामुळे सूट आहे, ती घेत नाही आणि त्याविषयी बोलतही नाही.

चेलिओ टेकडीवरचं सान जोव्हान्नी ए पाओलो हे शुक्रवारचं स्थानक. पॅशनिस्ट संघाचे संस्थापक संत पॉल ऑफ द क्रॉस इथे चिरविश्रांती घेत आहेत. वाचन यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातलं. मला विचाराल तर सगळ्या उपवासकाळातलं हे सर्वांत टोचणारं वाचन. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला आणि तू बघितलंही नाहीस? देव म्हणतो, उपासाच्या दिवशीच तुम्ही आपला मतलब साधता, कामकऱ्यांना राबवता, भांडता. मला आवडणारा उपास वेगळाच आहे : अन्यायाची बंधनं सोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या, बेघराला घरात घ्या, उघड्याला पाहून त्याला पांघरूण घाला.

हे ऐकताना पटकन दुसऱ्यांची नावं डोक्यात येतात, हा या वाचनाचा मोठा धोका आहे. अमक्याने हे ऐकायला हवं होतं, असं मनात आलं की समजावं, मुसळ आपल्याच डोळ्यात आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये उपवासकाळात वारंवार एक प्रार्थना म्हणतात, ती सीरियाच्या संत एफ्रेम यांची मानली जाते. तिच्या शेवटी मागणं असं आहे की, प्रभो, माझे अपराध मला दिसू देत आणि माझ्या भावाचा न्याय माझ्या हातून न होवो. ही दोन मागणी एकाच दमात आहेत. ती प्रार्थना मी वहीत लिहून नेली होती. यशयाच्या वाचनानंतर ती काढून वाचली.

तिथून जवळच सान ग्रेगोरिओ आहे. पोप ग्रेगरींचं वडिलोपार्जित घर इथे होतं, त्याचाच त्यांनी मठ केला. ते रोज बारा गरिबांना जेवायला बसवत आणि एकदा तेरावा पाहुणा येऊन बसला तो देवदूत होता, अशी परंपरा आहे. ज्याच्यावर ते जेवण वाढलं जायचं असं सांगतात, ते संगमरवरी मेज शेजारच्या एका छोट्या प्रार्थनागृहात ठेवलंय. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं. मावशी हिरमुसली. पण मदर तेरेसांच्या सिस्टर्सचा मठ त्याच आवारात आहे, आणि निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली एक सिस्टर भाजीचं पोतं फरपटत फाटकातून आत नेत होती. मी दुसरं टोक धरलं. पोतं चांगलंच जड होतं. आत स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून आम्ही निघालो तेव्हा मावशी मेजाविषयी काही बोलली नाही.

शनिवार

आजचं शुभवर्तमान लूकच्या पाचव्या अध्यायातलं. जकातनाक्यावर बसलेल्या लेवीला येशू 'माझ्यामागे ये' म्हणतो आणि तो सगळं सोडून उठतो. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, ती आजाऱ्यांना असते, हे वाक्य इथलंच. आणि स्थानक आहे संत ऑगस्टिन यांच्या नावाचं चर्च, सांतागोस्तिनो. स्वतःच्या मनाचा इतका उघडा तपास ऑगस्टिन यांच्यापूर्वी फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही. ३९७ नंतरच्या काही वर्षांत त्यांनी आपलं आयुष्य देवासमोर मांडलं आणि ते सगळं देवाला उद्देशून लिहिलं. वाचक बाजूला उभा राहून ऐकतो, बोलणं चाललंय देवाशी. म्हणून त्यात बढाई नाही.

त्यांची आई संत मोनिका ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात वारली. तिचे अवशेष या चर्चमध्ये आहेत. मुलासाठी वर्षानुवर्षं रडलेली ही बाई. मावशी तिथे गुडघे टेकून बसली ती उठेचना. कुणासाठी प्रार्थना करत होती ते मला माहीत होतं, मी विचारलं नाही.

तोवर मी दाराकडच्या पहिल्या उपप्रार्थनागृहापाशी गेले. तिथे काराव्हाज्जोचं चित्र आहे, साधारण १६०४ ते १६०६ मधलं. उंबऱ्यात मरिया बाळाला घेऊन उभी आहे आणि तिच्यासमोर दोन म्हातारे यात्रेकरू, एक पुरुष आणि एक बाई, गुडघे टेकून बसलेत. नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. दिवा लागला आणि पहिल्यांदा नजर गेली ती त्या पुरुषाच्या पायांवर. तळवे आपल्याकडे आहेत. चालून चालून सुजलेले, टाचा काळ्याकुट्ट मळलेल्या. बाईच्या डोक्याला गुंडाळलेलं फडकं फाटलेलं आहे. त्या काळी लोकांनी या चित्रावर बराच गलका केला होता.

त्या म्हाताऱ्याला स्वतःचे तळवे दिसत नाहीत. तो वर बघतोय, हात जोडलेले. आपला मळ मागे उभ्या असलेल्या सगळ्या जगाला दिसतोय, हे त्याच्या गावीही नाही. आणि तरी तो अगदी योग्य जागी बसलाय. पाय धुऊन यायला कुणी त्याला परत पाठवलेलं नाही. बाळ त्याच्याकडे झुकलंय. दिवा विझला, मी दुसरं नाणं टाकलं.

बुधवारपासून जे मनात घोळत होतं ते इथे धरता आलं. डोक्याची टाळू आणि पायाचा तळवा, दोन्ही आपले, दोन्ही आपल्याला दिसत नाहीत. बायबलमधला स्तोत्रकर्ताही एकोणिसाव्या स्तोत्रात विचारतो, आपल्या चुका कुणाला कळतात? आणि लगेच लपलेल्या दोषांपासून सोडव असं मागतो. एकशेएकोणचाळिसाव्यात तो म्हणतो, देवा, तूच माझं अंतःकरण पारखून बघ. परीक्षण करणारा तो आहे. आपण समोर बसायचं, उजेडात. नम्रता म्हणतात ती मला तरी एवढीच वाटते. 'मी फार पापी, मी अगदी नालायक' असा घोष करणं सोपं असतं, कारण त्यात कुठलंच एक पाप नाव घेऊन सांगावं लागत नाही. अमुक माणसाला अमुक दिवशी मी मुद्दाम टाळलं, हे सांगायला जीभ जड होते.

दावीद राजाचं तसंच झालं. त्याने उरियाची बायको बथशेबा हिला आपलंसं केलं आणि उरियाला लढाईत मारवलं. त्यानंतर नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती एक कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. दावीद संतापला, असल्या माणसाला मेलंच पाहिजे म्हणाला. नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. एक्कावन्नावं स्तोत्र याच प्रसंगाशी जोडलेलं आहे. ते सात पश्चात्तापाच्या स्तोत्रांपैकी एक, बाकीची ६, ३२, ३८, १०२, १३० आणि १४३. आणि ऑगस्टिन यांच्या शेवटच्या आजारपणाविषयी त्यांचे सहकारी बिशप पोसिडियस यांनी लिहून ठेवलंय की, दावीदाची ही पश्चात्तापाची स्तोत्रं त्यांनी लिहवून घेतली, बिछान्यातून दिसतील अशी भिंतीवर लावली, आणि ती वाचत ते सारखे रडत. ४३० साल होतं ते. चाळीसेक वर्षं ख्रिस्ती जीवन जगलेला, बिशप झालेला, अख्ख्या ख्रिस्तसभेचा गुरू मानला गेलेला माणूस भिंतीवरचं वाचत रडत होता. आणि निराशेने नव्हे. त्यांची शिकवण होती की, कितीही चांगला ख्रिस्ती असला तरी त्याने पश्चात्तापाविना देह ठेवू नये.

पाच मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी आहे. तिथे काराव्हाज्जोनेच रंगवलेलं मत्तयचं पाचारण आहे, १५९९ ते १६०० मधलं. शुभवर्तमानातला लेवी म्हणजे हाच मत्तय असं परंपरा मानते, तेव्हा सकाळचं वाचन तिथे भिंतीवरच भेटलं. येशूचा हात पुढे आलाय. टेबलाशी बसलेला दाढीवाला बोट करतोय, स्वतःकडे की शेजारी मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या पोराकडे, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मी त्या वादात शिरत नाही. 'मी?' आणि 'तो?' यांच्यामध्ये अडकलेलं बोट मला पुरेसं वाटलं.

रविवार

रविवार उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत धरत नाहीत. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत शेहेचाळीस दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा. पहिल्या रविवारी शुभवर्तमान नेहमी येशूच्या अरण्यातल्या परीक्षेचं असतं आणि स्थानक लॅटरन बॅसिलिका, रोमचं कॅथेड्रल. मिस्साला खूप गर्दी होती.

लॅटरनमध्ये फ्रान्सिस्कन फादर कन्फेशनसाठी बसतात. कुठली भाषा चालते ते बाहेर पाटीवर लिहिलेलं असतं. आम्ही दोघी वेगवेगळ्या रांगांत उभ्या राहिलो. आठवडाभराची तयारी होती. काय सांगितलं ते इथे लिहिण्याचं नाही, पण फादरांनी एक प्रश्न विचारला तो लिहिते : "हे सगळं दुसऱ्या बाजूने कधी ऐकलंत का?" बस, एवढंच. मग प्रायश्चित्त आणि पापमुक्तीचे शब्द.

रस्त्यापलीकडे स्काला सांता, म्हणजे पवित्र जिना. अठ्ठावीस संगमरवरी पायऱ्या. येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यातल्या या पायऱ्यांवरून येशू चढला आणि संत हेलेना यांनी त्या जेरुसलेमहून आणल्या, अशी परंपरा आहे. भाविक त्या गुडघ्यांवर चढतात. १७२३ मध्ये त्यांच्यावर लाकूड बसवलं. डागडुजीनंतर २०१९ मध्ये सुमारे दोन महिने ते लाकूड काढलेलं होतं, तेव्हा लोकांनी उघड्या दगडावर गुडघे टेकले आणि त्यांना दगडाला पडलेले खळगे दिसले. तरुण साधू मार्टिन लूथर रोमला आले तेव्हा याच पायऱ्या गुडघ्यांवर चढले होते. पुढे त्यांनी असल्या प्रथांवर कडाडून टीका केली. पण १५१७ च्या त्यांच्या पंच्याण्णव प्रबंधांतला पहिलाच असं सांगतो की, येशू पश्चात्ताप करा म्हणाला तेव्हा भाविकांचं सबंध आयुष्यच पश्चात्ताप व्हावं असं त्याच्या मनात होतं. सांता सबिनाच्या टेकडीवरून उतरून आलेल्या मला यात काहीच परकं वाटत नाही.

मावशीला हा जिना गुडघ्यांवरच चढायचा होता. गुडघे दुखरे, पण हट्ट मोठा. पायथ्याशी ती बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "तू जा. मी बाजूच्या जिन्याने येते."

"जमेल गं मावशी, मी धरते तुला."

"जमेल. पण घरी जाऊन मी सगळ्यांना सांगत सुटेन, हे मला ठाऊक आहे. नकोच."

आणि ती बाजूच्या साध्या जिन्याने, कठडा धरून, एकेक पायरी चढत गेली. मी गुडघ्यांवर निघाले. प्रत्येक पायरीवर आधी एक प्रार्थना, मग पुढची पायरी. माझ्यापुढे एक तरुण मुलगा होता, त्याच्या बुटांचे तळवे सतत माझ्या नाकासमोर. वर पोचले तेव्हा मावशी येऊन बसली होती, हातात जपमाळ.

सोमवार

संध्याकाळचं विमान. सकाळी सान पिएत्रो इन विंकोली, पहिल्या आठवड्यातल्या सोमवारचं स्थानक. येशूचा शिष्य पेत्र याच्या बेड्या म्हणून जपलेल्या साखळ्या मुख्य वेदीखाली काचेच्या पेटीत आहेत. येशूला आपण ओळखतच नाही असं पेत्राने तीनदा सांगितलं, कोंबडा आरवला, पण त्याला रडू आलं ते त्यानंतर. प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं, असं लूक सांगतो, आणि मग त्याला आठवलं.

उजवीकडे मायकेलअँजेलोचा मोशे, दगडी पाट्या काखेत धरून बसलेला. निर्गम पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे की मोशे डोंगरावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजाने चमकत होता आणि त्याचं त्याला माहीत नव्हतं. ही ओळ मी कितीदा वाचली असेल, पण शनिवारचे ते मळके तळवे पाहिल्यावर ती निराळीच लागली. आपलं चांगलंही आपल्याला दिसत नाही तर.

आणि त्या सकाळचं शुभवर्तमान! मत्तय पंचवीस, शेवटचा न्याय. मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खाऊ घातलं, असं प्रभू उजवीकडच्यांना सांगतो आणि डावीकडच्यांना म्हणतो, तुम्ही घातलं नाहीत. उजवीकडचे विचारतात, प्रभो, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? डावीकडचेही नेमकं तेच विचारतात. दोन्हीकडच्यांना आश्चर्य वाटलेलं. एकाही बाजूला आपला हिशेब ठाऊक नाही. मला वाटतं, उपवासकाळातल्या आत्मपरीक्षणाने माणूस निर्धास्त होतो ते इथे. अपराध शोधून सांगायचे, ते आपलं काम. पुण्य मोजायचं काम आपल्याकडे दिलेलंच नाही. शुक्रवारचं भाजीचं पोतं मनात डोकावलं, ते मी तिथेच सोडून दिलं.

मंगळवारी सांतानास्तासिया, बुधवारी सांता मारिया माज्जोरे, अशी यादी पुढे चालूच राहते. आम्ही नसलो तरी तिथे लोक जमतील. आम्ही दोघींनी मात्र ठरवलं की ईस्टरपर्यंत रोज रात्री इग्नेशियस यांच्या पाच पायऱ्या करायच्या, आणि दर शुक्रवारी, फोनवर का होईना, एकमेकींना विचारायचं : माझं काय खटकतं तुला? ऐकणारीने उत्तर द्यायचं नाही, फक्त ऐकून घ्यायचं आणि त्या रात्रीच्या प्रार्थनेत ते देवासमोर ठेवायचं. कन्फेशनमधला तो प्रश्न माझ्या डोक्यात होता, म्हणून हे मीच सुचवलं.

शुक्रवारपर्यंत थांबायला मावशी तयार नव्हती. विमानतळाच्या गाडीत बसल्या बसल्या तिने विचारलं. मी जरा चाचरले, मग सांगितलं. तिने पर्सचा बंद हातात घट्ट धरून सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोंड उघडलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "आता तू विचार."